पोकळीचा आकार

खानदेशाच्या जमिनीत कोळसा नाही. विहीर खणली तर आधी काळी माती, मग मुरूम, मग काळा पाषाण. तापीच्या काठाला तर हात थकेपर्यंत गाळच गाळ. पायाखालचा हा पाषाण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा होता. जळणं, वितळणं, वाहणं, जे काही नशिबात होतं ते त्यानं तेव्हाच उरकून घेतलं आणि मग तो थंड झाला तो कायमचा. धुळ्याहून नंदुरबारकडे निघालं की माळावर लांबच लांब सरळ धावणाऱ्या दगडी भिंती दिसतात, कुणी मुद्दाम बांधल्यासारख्या. लाव्हा ज्या भेगांतून वर आला त्याच भेगांत उरलासुरला रस गोठला, भोवतीचा मऊ खडक पावसानं झिजवला आणि भेग होती तिथं भिंत उरली. जमिनीनं आपली जखम आपणच भरल्याची एवढी ठळक खूण मी दुसरीकडे पाहिलेली नाही.

आमच्याकडे उष्णता येते ती वरून. मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा पंचेचाळिशी ओलांडतो, दुपारी रस्ते ओस पडतात, माणसं दारं लोटून घरात अंधार करून बसतात. जमिनीखालून ऊब येते ती फार तर अडावदजवळच्या उनपदेवला. सातपुड्याच्या पायथ्याशी पावसाचं पाणी भेगांतून खोल उतरतं, तिथल्या उष्णतेनं तापतं आणि कुंडात ऊन होऊन परत येतं. लहानपणी त्या पाण्यात पाय सोडून बसलो की मोठी माणसं रामाच्या बाणाची गोष्ट सांगायची. त्या गोष्टीतही खाली आग नव्हती. जमिनीच्या पोटात खरोखरची आग असू शकते, ती वर्षानुवर्षं पेटलेली राहू शकते आणि तिच्यासाठी जागा माणसानं करून दिलेली असते, हे कळायला मला खानदेशाच्या बाहेर पडावं लागलं. त्या आगीशी आपलं नातं किती जवळचं आहे हे मात्र घरी परतल्यावरच उमगलं.

खानदेशात कोळसा निघत नसला तरी आमचं घर कोळशावर चाललं. आजोबांना आम्ही आबा म्हणायचो. ते भुसावळच्या लोको शेडला फायरमन होते. मूळचे अमळनेरकडचे, त्यामुळे रेल्वेच्या हिंदीतून घरी आले की अहिराणीवर यायचे. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे या मुलखात आली ती मुख्यतः कापसासाठी. १८६७ मध्ये भुसावळहून नागपूरपर्यंत रूळ पोचले आणि खानदेश-वऱ्हाडच्या गाठी मुंबईच्या बंदराकडे धावू लागल्या. गाठी ओढणाऱ्या इंजिनांना खायला घालायला सुरुवातीला विलायतेचा कोळसा बोटीनं यायचा, जोडीला जंगलातली लाकडं. मग १८७० च्या दशकात वर्ध्याहून दक्षिणेला हिंगणघाटवरून वरोऱ्यापर्यंत एक फाटा काढला गेला. त्याचं नावच वर्धा कोल स्टेट रेल्वे. वरोऱ्याला सरकारी खाण १८७१ मध्ये सुरू झाली होती. तिथला कोळसा वर्ध्याला मुख्य मार्गावर येई आणि पश्चिमेकडे निघे. आज वरोरा म्हटलं की आनंदवन आठवतं आणि तेच योग्य आहे. पण बाबा आमटे तिथं जाण्याच्या कितीतरी आधी त्या गावाच्या पोटातून काढलेल्या काळ्या दगडावर खानदेशातून जाणाऱ्या गाड्या पळत होत्या.

आबांच्या वेळेपर्यंत वरोऱ्याची खाण इतिहासजमा झाली होती. त्यांच्या बेलच्यावर येई तो पेंचचा, बल्लारशाचा, कधी थेट झरियाचा कोळसा. चांद्याकडचा, म्हणजे चंद्रपूरकडचा माल आला की त्यांच्या कपाळाला आठी पडे. पाणी फार, राख फार, धग कमी. पण त्याच कोळशाबद्दल ते एक गोष्ट आदरानं सांगत. शेडमधला ढीग फार दिवस पडून राहिला की कुणी काडी न लावता त्याच्या कुशीतून धूर यायला लागे. मग माणसं लावून ढीग पसरायचा, उलथापालथ करायची, तापलेला भाग वेगळा काढायचा. "कोयसा जित्ता ऱ्हास," आबा म्हणायचे, कोळसा जिवंत असतो. आम्हाला वाटायचं, म्हातारा पोरांना घाबरवतोय.

आबा शब्दशः खरं बोलत होते. कोळसा खाणीत असो वा ढिगात, हवेतला प्राणवायू तो सतत शोषत असतो आणि शोषताना थोडी थोडी उष्णता बाहेर टाकतो. भरपूर वारा खेळता असेल तर ती उष्णता वाऱ्याबरोबर निघून जाते. वारा अजिबात नसेल तर शोषायलाच काही उरत नाही. धोका असतो तो मधल्या अवस्थेत. हवा झिरपते, पण वाहत नाही. प्राणवायू पोचतो, पण उष्णता बाहेर पडत नाही. आमच्याकडे पावसात भिजलेला कडबा तसाच गंजीला रचला तर आठवड्याभरात आतून वाफाळतो. हात घातला की चटका बसतो आणि शहाणा शेतकरी ती गंजी मोडून टाकतो. कोळशाचं वेळापत्रक लांब असतं, काही महिन्यांपासून वर्ष-दीड वर्षापर्यंत. साधारण सत्तर-ऐंशी अंश ओलांडले की मात्र तो मागे फिरत नाही. आधी भिंतींना घाम सुटतो, मग रॉकेलसारखा वास येतो, कार्बन मोनॉक्साइडचं प्रमाण चढत जातं, आणि ज्वाळा दिसायच्या कितीतरी आधी आतला कोळसा लाल झालेला असतो.

मावसबहिणीचं सासर चंद्रपूरचं. तिचे सासरे खदानीत ओव्हरमन होते; मी त्यांना काका म्हणतो. त्यांच्या घरी गेलो की ते मला गाव दाखवायला नेतात, आणि त्यांचं गाव जमिनीवर कमी आणि खाली जास्त असतं. महाकालीचं देऊळ आलं की ते देवीला हात जोडतात आणि लगेच देवीच्या नावानं चाललेल्या महाकाली कॉलरीवर येतात. गोंड राजांच्या परकोटाबाहेर लालपेठ, रय्यतवारी, दुर्गापूर अशी नावं ते एकामागून एक घेतात. कुठं एखादा बंद इन्क्लाइन, म्हणजे खाणीत उतरणारा तिरका बोगदा, तोंडाशी विटांची भिंत, भिंतीवर उगवलेला पिंपळ. "हे बंद झालं म्हणता ना भाऊ, बंद आपण झालो. आपलं खाली जाणं बंद झालं. खदान आहे तिथंच आहे."

खाली नेमकं काय असतं ते काकांनी मला एकदा जेवणाच्या ताटाशेजारी बोटानं आखून दाखवलं होतं. वर्धा खोऱ्यातला कोळसा पंचवीस कोटी वर्षांहून जुना, गोंडवन काळातला. जाड थर, त्यावर वाळूचा खडक, आणि पश्चिमेच्या कडेला तो थर आपल्या काळ्या पाषाणाखाली शिरत जातो. जमिनीखालच्या खाणीत या थरात आडव्या-उभ्या बोगद्यांचं जाळं पाडतात. कायद्यानं बोगदा फार तर ४.८ मीटर रुंद आणि ३ मीटर उंच. बोगद्यांच्या मध्ये कोळशाचेच चौकोनी खांब राखतात आणि वरचा सगळा भार ते खांब पेलतात. या पहिल्या फेरीत साधारण पाव हिस्सा कोळसा हाती लागतो, बाकीचा खांबांत उभा राहतो. दुसऱ्या फेरीत मागे सरकत सरकत खांब काढायचे. खांब निघाला की वरचं छत खाली बसतं. त्या कोसळलेल्या जागेला खाणकामगार गोफ म्हणतात. गोफात माणूस जात नाही. तिथं दगडाबरोबर कोळशाचा चुराही पडलेला असतो, फटीफटीतून हवा झिरपत असते, म्हणजे कोळसा तापायला जे जे लागतं ते सगळं तिथं जमून आलेलं असतं. म्हणून गोफाची तोंडं भिंती घालून बंद करतात. त्या भिंतीला स्टॉपिंग म्हणतात, आणि काकांच्या नोकरीचा मोठा भाग त्या भिंतींपाशी उभं राहून वास घेण्यात गेला.

ते सांगतात की बंद खदान श्वास घेते. वरच्या हवेचा दाब चढला की बाहेरची हवा भेगांतून आत ओढली जाते, दाब उतरला की आतला वायू बाहेर पडतो. मृगाच्या आधी आभाळ भरून येतं, दाब पडतो, आणि जुन्या इन्क्लाइनच्या तोंडाशी कोंदट उबारा येतो. खाली कुठं आग असेल तर त्याच दिवसांत तिचा वास वर येण्याचा संभव जास्त. पाऊस सुरू झाला की तापलेल्या भेगांत पाणी उतरतं आणि माळावर जागोजाग वाफ दिसते. परक्या माणसाला ते धुकं वाटेल.

पाणी आगीला विझवतं ही आपली समजूतही खाली चालत नाही. लाल झालेल्या कोळशावर पाणी पडलं तर हायड्रोजन आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो, आणि कोंडलेल्या जागेत त्या मिश्रणाचा स्फोट होऊ शकतो. म्हणून खाणीतली आग विझवण्यापेक्षा तिला उपाशी ठेवण्यावर भर असतो. भिंती घाला, भेगांवर मातीचा थर द्या, आत नायट्रोजन सोडा, पुढच्या कोळशापासून ती तोडायला खंदक खणा, नाहीतर पोकळी वाळूनं भरून टाका. यातला शेवटचा उपाय सगळ्यात खात्रीचा आणि सगळ्यात महाग. नदीची रेती पाण्याबरोबर पाइपानं खाली सोडतात, पाणी निथळून पंपानं वर येतं, रेती बसते. काढलेल्या कोळशाच्या जागी रेती. धुळ्याच्या माळावर लाव्हानं जे फुकट केलं ते इथं पैसे मोजून करावं लागतं, आणि पैसे मोजायची वेळ आली की कोण मोजणार हा प्रश्न येतो.

हा प्रश्न शंभर वर्षांहून जुना आहे. वरोऱ्याची सरकारी खाण १९०६ मध्ये बंद झाली आणि त्याच सुमाराला बल्लारपूरची सुरू झाली. पुढं वर्धा, पेंच आणि कन्हानच्या खोऱ्यांत खाजगी मालक आले. मालकाच्या हाती पट्टा ठरावीक मुदतीचा, बाजारभाव वर-खाली होणारा. चांगला आणि सहज हाती येणारा कोळसा आधी ओरबाडायचा, खांब बारीक करायचे, रेतीचा खर्च टाळायचा, आणि परवडेनासं झालं की दिवे काढून घेऊन निघून जायचं. देशभर हेच चाललं होतं. झरियाच्या पट्ट्यात भौरा इथं १९१६ मध्ये आगीची पहिली नोंद झाली आणि त्या पट्ट्यातल्या आगी आजही पूर्ण विझलेल्या नाहीत. तिथं घरांच्या भिंतींना भेगा पडल्या, रात्री जमिनीच्या फटी लाल दिसू लागल्या. वस्त्या हलवण्यासाठी २००९ मध्ये मोठा आराखडा मंजूर झाला, तरी माणसं पिढ्यान्‌पिढ्या त्याच जमिनीवर राहत आली, कारण पोट त्याच कोळशावर. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातलं सेंट्रेलिया हे गाव १९६२ पासून खालून जळतं आहे. तिथली बहुतेक वस्ती उठली. ऑस्ट्रेलियात विंजन नावाच्या डोंगराखाली कोळशाचा थर सुमारे सहा हजार वर्षं धुमसतो आहे, आणि तो मात्र कुणी खणलेला नव्हता. निसर्ग स्वतःही कोळसा पेटवतो. फरक इतकाच की त्याला अशी एखादी आग लागायला युगं लागतात आणि आपण एका शतकात ती ठिकठिकाणी लावून बसलो.

इंग्रज सरकारनं १९३७ मध्ये बरोज यांच्या अध्यक्षतेखाली कोळसा खाणींवर समिती नेमली. त्यानंतर १९३९ मध्ये कोळसा खाण सुरक्षा कायदा झाला, जो रेतीभराईचा कायदा म्हणूनच ओळखला जातो. त्यातली एक तरतूद मला फार विचार करायला लावते. खाणीतून रवाना होणाऱ्या कोळशावर कर बसवायचा आणि तो पैसा पोकळी भरायला मदत म्हणून द्यायचा. कोळसा घेणाऱ्याच्या किमतीत रेतीचा एक वाटा धरलेला. आबा इंजिनात कोळसा टाकत होते, रेल्वे त्याचे पैसे मोजत होती, आणि त्या पैशातला एक कण कुठल्यातरी खाणीत रेती होऊन उतरत होता. परकीय सरकारचा कायदा, युद्धाच्या तोंडावर केलेला, अंमल तोकडा, हे सगळं मान्य. पण हिशेब मांडायची पद्धत बरोबर होती. जो जाळतो त्यानं पोकळीचंही देणं द्यावं.

१ मे १९७३ ला बिगर-कोकिंग कोळशाच्या खाणी सरकारजमा झाल्या आणि १९७५ पासून वर्धा-पेंच-कन्हान खोऱ्यांचा कारभार नागपूरच्या वेस्टर्न कोलफील्ड्सकडे आला. सरकारच्या हाती चालू खाणी आल्या तशा मालकांनी अर्धवट सोडलेल्या पोकळ्याही आल्या. पुढं उघड्या खाणींचं युग सुरू झालं. जमिनीखाली उतरण्याऐवजी वरची सगळी जमीनच उचलून बाजूला टाकायची आणि कोळसा उघड्यावर काढायचा. आज या पट्ट्यातला बहुतांश कोळसा असाच निघतो. पण खणता खणता यंत्र जेव्हा एखाद्या जुन्या भूमिगत खाणीला भिडतं तेव्हा साठ-सत्तर वर्षं अंधारात उभ्या असलेल्या खांबांना एकदम हवा लागते. काकांनी हे पाहिलंय. उघड्या खाणीच्या कड्यात काळ्या भिंतीला चौकोनी तोंडं दिसतात, म्हणजे जुने बोगदे मधून कापले गेलेले. काही दिवसांत त्यातल्या एखाद्या तोंडातून पांढुरका धूर निघू लागतो. ज्यांनी ते बोगदे पाडले ते कधीच वारले, ज्यांच्या मालकीचे होते त्या कंपन्या बुडाल्या, आणि धूर मात्र आजच्या पाळीतल्या कामगाराच्या छातीत जातो.

आग नसली तरी पोकळी आपलं काम करतच असते. २०२२ च्या ऑगस्टमध्ये चंद्रपूरजवळच्या घुग्घुसला अमराई वॉर्डात एक राहतं घर पाहता पाहता जमिनीत गेलं. घरातली माणसं धोका ओळखून बाहेर धावली म्हणून वाचली. आजूबाजूच्या घरांवर खुणा झाल्या, कुटुंबांना हलवण्याची धावपळ सुरू झाली. त्या वॉर्डाखाली जुनी भूमिगत खाण होती. घर बांधताना कुणी पाया खोदला असेल, नारळ फोडला असेल, मुरूम लागला म्हणून समाधान मानलं असेल. आम्ही खानदेशातही तसंच करतो. मुरूम लागला की खोदणं थांबतं, कारण त्याच्याखाली काय आहे ते आपल्याला ठाऊक असतं. घुग्घुसच्या माणसाला ते ठाऊक असायची काहीच सोय नव्हती. ते ठाऊक होतं फक्त एका कागदाला.

खाण सोडताना तिचा नकाशा करून ठेवावा लागतो. बोगदे कुठवर गेले, खांब कुठं राखले, पाणी कुठं साठलं. सोडलेल्या खाणीचं सगळं अस्तित्व त्या कागदात असतं, कारण तिथं पुन्हा कुणी जाणार नसतं. तो कागद चुकीचा असला किंवा हरवला तर काय होतं हे २७ डिसेंबर १९७५ ला चासनाल्यानं दाखवलं. धनबादजवळच्या त्या खाणीत शेजारच्या सोडून दिलेल्या जुन्या कामात पाणी तुंबलेलं होतं. मधली कोळशाची भिंत फुटली आणि खाली काम करणारी पावणेचारशेच्या आसपास माणसं बुडाली. पेंचच्या खोऱ्यातही असं घडलेलं आहे. छिंदवाड्याच्या न्यूटन चिखली खाणीत १० डिसेंबर १९५४ ला पाणी घुसलं आणि ६३ जण गेले. खाणीतला माणूस जसा वरच्या दगडाला भितो तसाच शेजारच्या रिकाम्या जागेला भितो.

नकाशांचा विचार करताना मला धुळं आठवतं. इतिहासाचार्य राजवाडे यांचं आयुष्य दफ्तरांच्या मागे गेलं. गावोगावी पायपीट करून, वाड्यांच्या माळ्यांवरून, बुरशी आलेल्या रुमालांतून त्यांनी कागद सोडवले आणि ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चे २२ खंड उभे केले. ३१ डिसेंबर १९२६ ला धुळ्यातच त्यांचा देह पडला, आणि त्यांच्या नावाच्या संशोधन मंडळात तो संग्रह अजून जपला जातो. विद्यार्थी असताना मी तिथं जाऊन बसायचो. एखाद्या वतनाच्या तंट्यातला निवाडा वाचताना वाटायचं, दोनशे वर्षांपूर्वीच्या बांधाचं आता कुणाला काय? आता तसं वाटत नाही. बांध कुठं होता हे जो कागद सांगतो तो कधीकधी आजच्या माणसाचं घरही वाचवतो. राजवाड्यांनी राजांचे, वतनदारांचे, संतांचे कागद गोळा केले. वरोरा, बल्लारपूर, घुग्घुस, पेंचच्या जुन्या कंपन्यांच्या नकाशांसाठी असाच कुणी झपाटलेला माणूस पायपीट करत हिंडला असता तर मराठी मुलखाच्या इतिहासाचं एक साधन त्यानं पिढ्यांच्या हाती दिलं असतं. आपण इतिहास नेहमी गडांवर शोधतो, म्हणजे उंचावर. तो दोनशे-तीनशे फूट खालीही आहे, आणि तिथला इतिहास कुणाच्याही घराखाली अचानक जागा होतो.

भुसावळला परतल्यावर मला हे सगळं दूरचं वाटेना. गावाबाहेर दीपनगरचं औष्णिक वीज केंद्र आहे. साठच्या दशकाच्या शेवटी तिथला पहिला संच सुरू झाला, ऐंशीच्या आसपास २१० मेगावॉटचे आले, नंतर ५०० मेगावॉटचे. चिमण्यांचा धूर आमच्या क्षितिजाचा भाग झाला आहे. पाहुण्यांना घराची खूण सांगताना आम्ही चिमण्या वापरतो. खानदेशात आणि त्याच्या पलीकडेही तिथल्या विजेवर पंखे फिरतात, विहिरीतलं पाणी केळीला जातं, जळगावच्या दालमिल चालतात. त्या पंख्याखाली मीही वाढलो.

एकदा फाटकाशी मालगाडीमुळे अडकलो होतो. कोळशाची गाडी होती, उघड्या वाघिणींची, संपता संपत नव्हती. तेव्हा सहज हिशेब मांडला आणि तो मनातून गेला नाही. अशा गाडीला अठ्ठावन-एकोणसाठ वाघिणी असतात. गाडीची लांबी सहाशे मीटरच्या वर, वजन धरा ३,८०० टन कोळसा. हा कोळसा जमिनीखालच्या खाणीतून निघाला असं समजलं, तर कायद्यानं ठरवलेल्या पूर्ण मापाचा, ४.८ बाय ३ मीटरचा बोगदा त्यासाठी सुमारे १९० मीटर खणावा लागेल. म्हणजे माझ्यासमोरून दोन-चार मिनिटांत गेलेल्या गाडीमागे कुठंतरी १९० मीटर अंधार उरला. आणि ५०० मेगावॉटचा एक संच पूर्ण भारानं चालला तर असा दिवसाला सात-आठ हजार टन कोळसा खातो, म्हणजे दोन गाड्या. आज गाडी उघड्या खाणीतून आलेली असली तर बोगद्याऐवजी खड्डा उरतो, पण उरतोच. कोळसा जळून राख होतो आणि राखही इथंच आमच्या बंधाऱ्यात साठते. राख निदान आम्हाला दिसते, तिच्याबद्दल आम्ही भांडतो. ती जिथून आली तिथल्या रिकाम्या जागेबद्दल खानदेशात मी कुणाला बोलताना ऐकलेलं नाही. मीही कधी बोललो नव्हतो.

खाणीतल्या आगीबद्दल आपण बोलतो ते बहुधा चंद्रपूरचं, झरियाचं, त्या लोकांचं दुर्दैव म्हणून. जमीन त्यांची, खाण त्यांची, आगही त्यांची. पण आगीला नुसता कोळसा पुरत नाही, तिला मोकळी जागा लागते, आणि ती जागा आम्ही केली. वरोऱ्यापासून आजपर्यंत जेवढा कोळसा पश्चिमेकडे आला तेवढ्या मापाची पोकळी पूर्वेकडे उरली. तिच्यातला एक तुकडा आबांच्या बेलच्याचा, एक तुकडा माझ्या अभ्यासाच्या दिव्याचा. माझ्या नावचा सातबारा खानदेशात असेल, पण वर्धा खोऱ्यात जमिनीखाली माझ्या नावावर काही हात अंधार निघतो, आणि त्यावर दुसऱ्याच कुणाचं घर आहे.

आपल्याकडे हे देणं ओळखण्याचे प्रयत्न झालेच नाहीत असं नाही. १९३९ चा कर होता. २००९ मध्ये कोळसा मंत्रालयानं खाण बंद करण्याचा आराखडा आधीच देण्याची आणि त्यासाठी वेगळ्या खात्यात पैसे साठवण्याची मार्गदर्शक तत्त्वं आणली. ती पुढच्या खाणींच्या उपयोगाची, पूर्वी वाऱ्यावर सोडलेल्यांचं खातं मात्र कुणी उघडलेलं नव्हतं. २०१० मध्ये कोळशावर टनामागे ५० रुपये स्वच्छ ऊर्जा उपकर लागला, २०१६ पर्यंत तो ४०० रुपयांवर गेला. एवढ्या पैशात किती पोकळ्या भरल्या असत्या, किती घरं आधीच हलवता आली असती, किती जुने नकाशे शोधून तपासता आले असते! २०१७ मध्ये जीएसटी आला आणि तो पैसा राज्यांच्या महसुलाची तूट भरण्याकडे वळला. तूट भरणं गरजेचं असेलही. जमिनीतली तूट कुणाच्या यादीत नव्हती.

माझ्या हातात दर महिन्याला विजेचं बिल येतं. मी ते आता जरा निरखून वाचतो. त्यात स्थिर आकार असतो, वीज आकार असतो, वहन आकार असतो, इंधन समायोजन आकार असतो, वर वीज शुल्क. तार किती लांबून आली याचे पैसे मी भरतो, कोळसा महागला तर त्याचेही भरतो. त्या ओळींमध्ये आणखी एक ओळ असावी असं मला वाटतं, युनिटमागे काही पैशांची: जिथून माझा उजेड आला तिथली जागा भरण्यासाठी, तिचा नकाशा जपण्यासाठी, तिच्यावर राहणाऱ्यांना वेळेवर सांगण्यासाठी. बिल वाढलं म्हणून मी कुरकुर करीन, भुसावळात सगळे करतात. पण ती ओळ मी भरीन.